मतलई वाऱ्यात पाच दिवस : रामेश्वरमचं काइटसर्फिंग

पोचलो तो दिवस

मदुराईहून निघालो तेव्हा झाडाचं पानही हलत नव्हतं. तीनेक तासांनी पांबनच्या पुलावर गाडीची काच खाली केली आणि भाच्याच्या मांडीवरचा नकाशा थेट मागच्या सीटवर गेला. डावीकडे पाल्कचा उपसागर पत्र्यासारखा सपाट होता. उजवीकडे मन्नारचं आखात, तिथे नजर जाईल तिथपर्यंत पांढरा फेस. दोन्हीकडे वारा एकच, नैऋत्येचा. उजवीकडे तो उघड्या समुद्रावरून लाटा लोटत येतो, डावीकडे रामेश्वरम बेटाच्या आडोशामुळे त्याला लाट उठवायला जागाच उरत नाही.

जुलै म्हणजे आपल्याकडे समुद्राकडे पाठ फिरवून बसायचे दिवस. १ जून ते ३१ जुलै आपल्या होड्या वर ओढलेल्या असतात. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ही बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा बंदर गजबजलेलं होतं. पावसाळी वाऱ्यातला पाऊस सह्याद्रीवर रिकामा होतो आणि इथवर येतो तो कोरडा, सलग वारा. इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. म्हणून उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य वाऱ्यावर आणि डिसेंबरनंतर ईशान्य वाऱ्यावर, असे इथे काइटसर्फिंगचे, म्हणजे दोऱ्यांनी कमरेला जोडलेल्या मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर (बोर्डवर) उभं राहून पाण्यावरून धावायच्या खेळाचे, दोन हंगाम होतात.

दोन वर्षांपूर्वी मी गोव्यात मोरजीला काइट शिकायला सुरुवात केली होती. भाचा तेवीस वर्षांचा, पोहण्यात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे, पण काइटला त्याने कधी हात लावलेला नव्हता. मोरजीचा दुपारचा वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे, थोडा तिरका येतो. पडलात, बोर्ड हरवला, काइट उलटी झाली, काहीही झालं तरी वारा तुम्हाला वाळूवर आणून टाकतो. त्या भरवशावर मी शिकले होते. इथे आमच्या, म्हणजे उपसागराच्या, बाजूला वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. शाळेच्या पुस्तकातला मतलई वारा रात्रीचा असतो आणि हा मोसमी, दिवसभराचा, पण दिशा तीच. इथे चुकलं की माणूस किनाऱ्यापासून लांब जातो. बेटाच्या टोकाच्या धनुष्कोडीपासून श्रीलंकेचं तलाईमन्नार ३० किलोमीटरच्या आतच आहे आणि मधल्या पाण्यात देशाची सीमा आहे.

पहिला दिवस : नारळाचं सोडण

पहिल्या दिवशी पाण्यात उतरलोच नाही. आमचे शिक्षक तिथल्याच कोळी वस्तीतले, वय तिशीच्या आत. मला त्यांनी लगेच ‘अक्का’ केलं आणि मीही त्यांना ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणू लागले. काइटच्या पिशव्या गाडीतच ठेवून ते आम्हाला वाळूच्या दांड्यावर घेऊन गेले. वाटेत पडलेलं नारळाचं एक सोडण उचललं आणि गुडघाभर पाण्यात टाकलं.

“कुठे जातंय बघा. मी बोलत राहतो, तुम्ही बघत राहा.”

सोडण आधी वाऱ्याबरोबर सरळ बाहेर निघालं. मग वीस-पंचवीस पावलांवर, जिथे पाण्याचा रंग थोडा गडद होत होता, तिथे अचानक वळलं आणि दांड्याला समांतर पळू लागलं. आम्ही वाळूवरून त्याच्याबरोबर चालायला लागलो, तर चालण्याचा वेग वाढवावा लागला.

तिथे दांडा एका जागी फुटलेला होता. नैऋत्य वाऱ्याच्या दिवसांत आखाताचं पाणी बेटांमधल्या फटींतून उपसागराकडे ढकललं जातं. ईशान्य वाऱ्यात ही ओढ उलट फिरते. भरती-ओहोटीचा फरक इथे कोकणासारखा कित्येक मीटरचा नाही, एक मीटरही नसतो, त्यामुळे नवख्याला वाटतं की पाणी गप्प आहे. तामिळमध्ये या ओढीला ‘नीरोट्टम’ म्हणतात आणि या वाऱ्याला ‘कच्चान’. तंबींच्या बोलण्यात हे दोन शब्द कायम वेगवेगळे यायचे. आम्ही मात्र तोवर वारा आणि पाणी एकच धरून चाललो होतो.

दुसरी खूण त्यांनी नांगरलेल्या होड्यांवर दाखवली. एका नांगरावरची होडी नुसता वारा असेल तर वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. आमच्यासमोर तीन होड्या नीट वाऱ्याकडे बघत होत्या आणि फटीजवळची चौथी तिरकी, जवळजवळ आडवी. तिच्या खालचं पाणी तिला फिरवत होतं. अनोळखी किनाऱ्यावर गेलात की काइट काढण्याआधी हे दोन्ही करून बघा. काहीतरी तरंगणारं पाण्यात टाका आणि नांगरलेल्या होड्यांची तोंडं बघा. दहा मिनिटं लागतात आणि वाऱ्याचं ॲप यातलं काहीच सांगत नाही.

ओढ वाऱ्याच्याच दिशेने असेल तर आणखी एक फसगत होते. पाणीच वाऱ्याबरोबर पळत असल्यामुळे काइटला वारा कमी जाणवतो, ती मरगळते, आणि वाऱ्यावर चढून, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, परत येणं अवघड होतं. उलट दिशेची ओढ असेल तर काइटला जास्त वारा मिळतो, वर चढणं सोपं जातं, पण पाणी आखूड, ताठ लाटांनी खडबडीत होतं.

दुपारी वाळूवरच क्विक रिलीजचा सराव केला. क्विक रिलीज म्हणजे बारखालचा, हातात धरायच्या दांडीखालचा, तो भाग, जो पुढे ढकलला की काइट एकाच सुरक्षादोरीवर लटकते आणि तिचा जोर जातो. डोळे मिटून, डाव्या हाताने, उजव्या हाताने, तंबी मागून हार्नेस, म्हणजे कमरेचा पट्टा, ओढत असताना. भाच्याने पाचव्या वेळी विचारलं, “अजून किती?” तंबी म्हणाले, “हात विचार करणं थांबवेपर्यंत.” मी मोजलं, प्रत्येकी वीस वेळा झालं.

वाऱ्याचं मोजयंत्र १९ ते २३ नॉट दाखवत होतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १५ चा वारा २१ झाला की काइटवरचा ताण जवळपास दुप्पट होतो. माझ्यासारख्या साठ-पासष्ट किलोच्या व्यक्तीला एवढ्या वाऱ्यात ८ चौरस मीटरची काइट पुरे. मोठी मागायचा मोह होतो, मागू नका.

दुसरा दिवस : छातीवरून

सकाळी आठला इडली, पातळ सांबार आणि शेंगदाण्याची तिखट चटणी. आम्ही राहिलो तिथल्या अम्मांना हिंदी येत नव्हतं आणि आम्हाला तामिळ, पण पानात इडली संपायच्या आत दुसरी पडायची. निघताना त्यांनी भाच्याच्या हातात मिठाच्या पाण्याची बाटली दिली आणि उन्हाकडे बोट दाखवलं. इथलं ऊन वाऱ्यामुळे कळत नाही. पूर्ण बाह्यांचा लायक्रा, मानेपर्यंत मलम आणि पायात पातळ बूट हवेतच. तळाशी शिंपल्यांची धार असते, पहिल्याच तासात माझी टाच कापली.

दिवसभर बोर्ड नव्हता. काइट हवेत धरून, पोटावर पाण्यात आडवं होऊन, एक हात सुकाणूसारखा पुढे रोवून वाऱ्यावर चढत जायचं. बोर्ड सुटला की त्याच्याकडे परत जायची हीच एक रीत, कारण बोर्ड वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहतो आणि काइट तुम्हाला खाली ओढून नेते. मोरजीत मी हे अर्धवट शिकून पुढे पळाले होते. तिथे बोर्ड आपोआप वाळूवर यायचा. इथे त्या अर्धवट शिकण्याची किंमत पहिल्या तासातच कळली. दहा वेळा पाण्यातून आडवी आले आणि दहाव्यांदाही निघाले त्या जागेच्या खालीच पोचले.

आमच्या खाजणासारख्या भागात पाणी कमरेइतकंच होतं. मतलई दिशेच्या वाऱ्यात काइट करू नये हा या खेळातला पहिला नियम, आणि जगभरच्या शाळा तोच शिकवतात. इथे तो मोडला जातो तो दोनच गोष्टींच्या जोरावर, उथळ पाणी आणि हाताशी तयार ठेवलेली इंजिनाची होडी. तंबींनी उथळ भागाच्या टोकाला एक लाल फडकं बांधलेला खुंट रोवला होता. खुंटाच्या आत चुकलात तर उभं राहता येतं. खुंटापलीकडे तळ झपकन खाली जातो आणि फटीतली ओढ सुरू होते. शाळा निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच, की होडी कुठे आहे आणि ती आत्ता कोण चालवतंय. शिक्षकाकडे आयकेओसारख्या (आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना) संस्थेचं प्रमाणपत्र आहे का हे त्याच्यानंतर विचारा. किनाऱ्याचा कुठला भाग खुला आहे हेही विचारून घ्या. धनुष्कोडीचा पट्टा २०२५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे.

संध्याकाळी खोल पाण्यात स्वतःची सुटका करायचा सराव केला, होडी शेजारी ठेवून. तो पुन्हा सांगत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तो खराच करावा लागला.

तिसरा दिवस : खुंटापलीकडे

सकाळ फार छान गेली. बोर्डवर उभी राहिले, शंभर मीटर गेले, वळले, परत आले. भाच्याचीही काइट स्थिर राहू लागली होती. जेवायला मासळीचं आंबट कालवण आणि भात होता, वर ताडगोळे. आपल्या पालघरच्या बाजूचे ताडगोळे आठवले. इथे त्यांना ‘नुंगू’ म्हणतात आणि विकणारा माणूस अंगठ्याने उकरून तोंडात कसं ओढायचं ते करून दाखवतो.

दुपारी तीनच्या सुमाराला दक्षिणेकडून एक करडा ढग आला. तंबींनी वाळूवरून हात डोक्यावर थोपटला, म्हणजे काइट उतरव. मी ती खूण पाहिली. शेवटची एक फेरी मारू असं मला वाटलं, आणि मी वळायला उशीर केला. ही चूक पूर्ण माझी होती. ढगाच्या पुढच्या कडेने वारा एकदम वाढला, मला वळू न देता खुंटापलीकडे घेऊन गेला आणि ढग डोक्यावर आला तसा पार पडला. काइट पानासारखी गळून पाण्यावर आली. पाय खाली सोडले तर तळ नव्हता.

पहिलं मिनिट भीतीचं होतं. किनारा सरकताना दिसत होता. लाटा नव्हत्या, आवाज नव्हता, पाणी अगदी शांत होतं, आणि त्या शांत पाण्यात मी माणूस भरभर चालेल तेवढ्या वेगाने उत्तरेला जात होते. पोहून परत जावंसं वाटलं. त्या ओढीविरुद्ध पोहणं म्हणजे दहा मिनिटांत दम संपवणं, हे पहिल्या दिवशी सोडणाबरोबर चालताना कळलेलं होतं.

मग हातांनी काम सुरू केलं. क्विक रिलीज ढकलला. वारा परत आला तर काइट उठू नये म्हणून आधी फक्त सुरक्षादोरी बारवर आठाच्या आकारात गुंडाळली, बऱ्यापैकी आखूड होईपर्यंत. त्यानंतर चारही दोऱ्या एकत्र गुंडाळत काइटपर्यंत पोचले आणि शेवटी गाठ मारून सगळं पक्कं केलं. या दोऱ्या वीस-चोवीस मीटर लांब आणि सुतळीहून बारीक असतात. बोटाला किंवा मनगटाला एकही वेढा बसू द्यायचा नाही. काइट उठली तर बोट कापलं जाऊ शकतं. दोरी कापायची आकड्याची सुरी हार्नेसला होती, तिची गरज पडली नाही, पण ती तिथे आहे हे हात लावून दोनदा पाहिलं.

वारा किनाऱ्याकडे असता तर काइटचं टोक धरून तिचंच शीड करून परत आले असते. इथे तसं केलं असतं तर आणखी वेगाने बाहेर गेले असते. म्हणून काइट पाण्यावर पालथी, सपाट ठेवली आणि तिच्या हवा भरलेल्या पुढच्या नळीवर छाती टाकून पडून राहिले. काइट सोडायची नाही, कारण ती तराफा आहे, आणि पिवळीधमक असल्यामुळे दोन किलोमीटरवरूनही दिसते. माणसाचं डोकं पाण्यात तीनशे मीटरवरही सापडत नाही. एक हात उंच करून हलवत राहिले.

होडी आली ती भाच्यामुळे लवकर आली. तंबी दुसऱ्या एका मुलीची काइट उतरवत होते. भाच्याने मला पडताना पाहिलं, होडीवाल्या अण्णांना ओरडून सांगितलं, आणि मुख्य म्हणजे माझ्यावरून नजर हलवली नाही. अण्णा होडी पाण्यात ढकलत असताना हा दांड्यावरच्या उंचवट्यावर उभा राहून हाताने दिशा दाखवत होता. किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाचं हेच काम. धावपळ दुसऱ्यांना करू द्यायची, आपण बोट त्या माणसाकडे रोखून ठेवायचं.

अण्णांनी जवळ येताच इंजिन बंद केलं, दोऱ्या पंख्यात जाऊ नयेत म्हणून. फक्त पुढच्या नळीची हवा सोडून काइट गुंडाळली, आडव्या नळ्या फुगलेल्याच ठेवल्या. बोर्ड आणखी पुढे गेला होता, तोही मिळाला. मी सगळी मिळून पंधराएक मिनिटं पाण्यात होते. खुंट मला अंगठ्याएवढाही दिसत नव्हता.

वाळूवर आल्यावर तंबी रागावले नाहीत. समोर बसवून त्यांनी पाणी पाजलं आणि मग एकच विचारलं, “अक्का, माझा हात दिसला होता?” मी हो म्हटलं. ते मान हलवून उठून गेले. भाचा रात्री जेवताना म्हणाला, “मावशी, तू परत वळली नाहीस तेव्हाच मला कळलं.” त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

या किनाऱ्यावर येणार असाल तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा, आणि तो किनाऱ्यावर थांबणाऱ्याच्या फोनमध्येही असू द्या.

चौथा दिवस : धनुष्कोडी

वारा सकाळीच ३० नॉटच्या वर गेला. तंबींनी शाळा बंद ठेवली आणि आम्हाला जीपने धनुष्कोडीला नेलं. मला तो दिवस हवाच होता, खांदे वर उचलत नव्हते.

रस्ता थेट अरिचल मुनईच्या टोकापर्यंत जातो. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीच्या चक्रीवादळात हे गाव गेलं, पांबनहून येणारी आगगाडी प्रवाशांसकट समुद्राने नेली. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, पोवळ्याच्या दगडांच्या. त्यांच्यातून वारा वाजत जातो. एका झोपडीत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याशी तंबींच्या मदतीने बोललो. त्यांच्या आईवडिलांनी ती रात्र काढली होती. ते म्हणाले, उत्तरेकडचा तो ‘पेण कडल’, बाईसमुद्र, आणि दक्षिणेकडचा ‘आण कडल’, पुरुषसमुद्र. मी विचारलं की मग शांत समुद्र सुरक्षित का? त्यांनी हसून मान हलवली. हिवाळ्यात वाडै, म्हणजे उत्तरेचा वारा सुटला की हाच शांत समुद्र खवळतो आणि तो पलीकडचा निवळतो. कुठला समुद्र कधी कसा, हे महिना सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

आखाताच्या बाजूला तंबींनी आम्हाला वाळूच्या ढिगावर चढवलं. वरून पाहिलं तर फुटणाऱ्या लाटांच्या ओळीत एका जागी खंड होता. तिथे लाट फुटत नव्हती, पाणी गडद आणि तुकतुकीत, एखाद्या वाटेसारखं सरळ आत गेलेलं. “सगळे पर्यटक इथेच उतरतात,” तंबी म्हणाले, “कारण इथे लाट नाही.” लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं सगळं पाणी ज्या वाटेने परत जातं ती ही वाट. सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहत तिच्यातून बाजूला निघायचं, तिच्याविरुद्ध नाही. आम्ही उभे असतानाच एक कुटुंब नेमकं तिथे उतरायला निघालं. तंबी ढिगावरून धावत खाली गेले आणि हात जोडून त्यांना मागे आणलं.

येताना झावळ्यांच्या टपरीत तव्यावर भाजलेली मासळी खाल्ली, हळद-मिरचीत माखलेली. वाळू दाताखाली येत होती तरी आणखी एक मागवली. संध्याकाळी टोकावरून सगळ्यांना परत पाठवतात, म्हणून दुपारीच जा.

पाचवा दिवस

वारा १८ नॉट, सलग, आकाश निरभ्र. पाण्यात जायच्या आधी मी सोडण शोधायला लागले तर भाचा आधीच एक टाकून त्याच्याबरोबर चालत होता. ओढ परवापेक्षा मंद होती. चौथी होडी आज तेवढी तिरकी नव्हती.

पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येक वेळी थोडी खाली गेले आणि बोर्ड हातात घेऊन चालत वर आले. तिसऱ्या फेरीत बोर्डची कड रोवून, काइट खाली न आणता, नजर जिथे जायचं आहे तिथे ठेवली. तंबी चार दिवस हेच सांगत होते, नजर काइटवर नको, परतीच्या जागेवर ठेव. वळून आले तेव्हा निघाले त्या बांबूच्या काठीच्या दोन पावलं वरच होते. परत गेले, परत आले. पुन्हा वरच. लाल फडकं मला दर फेरीला उजव्या हाताला दिसायचं आणि मी त्याच्या पन्नास मीटर आधी वळायचे.

साडेतीनला तंबींनी डोक्यावर हात थोपटला. आकाशात ढग नव्हता, का बोलावलं ते कळलं नाही, पण मी त्याच क्षणी वळले. काइट हळूहळू कडेला उतरवली, त्यांनी टोक पकडून तिच्यावर वाळू टाकली. वेळ संपली होती, एवढंच कारण होतं.

होडीवाले अण्णा सावलीत जाळं शिवत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तामिळ येत नव्हतं म्हणून खुंटाकडे बोट केलं आणि मग हाताने त्याच्या अलीकडची वाळू दाखवली. त्यांनी खुंटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाळं शिवायची सुई तोंडात धरून दोन्ही अंगठे वर केले.